सराईपासून ताजपर्यंत

बदलापूरच्या नावाविषयी आमच्याकडे एक गोष्ट सांगतात. सुरतेहून घाटावर जाणारे स्वार उल्हास नदीच्या काठी इथे थांबत. दमलेले घोडे ठेवत, ताजे घोडे घेत आणि पुढची वाट धरत. घोडे बदलण्याचे गाव ते बदलापूर. ही लोकांच्या तोंडची गोष्ट आहे, ती तशीच घ्यावी. पण ती खरी धरली तर आमचे गाव मुळात वाटसरूंच्या मुक्कामाचे. आज इथे मुक्कामाला सहसा कोणी येत नाही. इथला माणूस पहाटेची गाडी पकडून मुंबईला जातो आणि रात्री झोपण्यापुरता परत येतो. १८५६ साली कल्याणच्या पुढे खोपोलीपर्यंत रेल्वे गेली, तेव्हापासून हा रस्ता रुळांचा झाला. घोडे गेले. बदलायची गाडी तेवढी राहिली, तीही कधी कल्याणला, कधी ठाण्याला, कधी दादरला.

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या निकाहाला तीस वर्षे झाली. मुलाने आणि सुनेने आपसांत ठरवून आमच्या हाती एक कागद ठेवला. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आम्हा दोघांसाठी एका रात्रीची खोली. ‘अब्बा, नाही म्हणू नका. पैसे भरून झालेत, परत मिळणार नाहीत,’ असे मुलगा म्हणाला. आम्ही काय म्हणणार हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने आधी पैसे भरले होते. लांब कुठे न जाता आपल्याच शहरातल्या हॉटेलात जाऊन राहायचे, याला आता ‘स्टेकेशन’ असा शब्द निघाला आहे, हे सुनेने आम्हाला समजावून सांगितले.

आम्ही संकोचलो. ज्या शहरात इतकी वर्षे डबा घेऊन उतरलो, तिथे पाहुणे म्हणून जायचे, आणि तेही या वयात. पण या संकोचाखाली आणखी एक गोष्ट दडलेली होती. ती मुलांना आम्ही कधी सांगितली नव्हती.

निकाहानंतर आठ दिवसांनी आम्ही घाटावरच्या एका थंड हवेच्या गावी गेलो होतो. एका लॉजच्या काउंटरवर खोली आहे असे सांगून वही पुढे केली गेली. आम्ही नाव लिहिले. त्या गृहस्थाने वही आपल्याकडे फिरवून नाव वाचले, आत जाऊन आला आणि खोली सकाळीच दिली गेली आहे असे म्हणाला. पुढच्या दोन ठिकाणी तेच घडले. १९९४ साल होते. मुंबईच्या दंगली आणि बॉम्बस्फोट यांना दोन वर्षेही झाली नव्हती. शेवटी तिथल्या मशिदीच्या मौलानांनी एका घरी सोय लावून दिली. त्या घरातल्या प्रेमळ आजीने नव्या नवरीला आपल्याजवळ झोपवले आणि नवऱ्याला पडवीत सतरंजी टाकून दिली. आमचा हनिमून असा पार पडला. तेव्हापासून हॉटेलच्या वहीत नाव लिहिताना आमचा हात थोडा थांबतो.

थकलेल्या माणसाला रात्रीपुरती जागा देताना त्याचे नाव विचारावे काय, आणि ते ऐकून दार लावावे काय, हा प्रश्न आमच्यापासून सुरू झालेला नाही. ताजचा कागद हाती आल्यावर आम्ही तो जरा मागे जाऊन शोधू लागलो.

सराईचा दरवाजा

मुसाफिराची कदर हा आपल्या दीनचा भाग आहे. कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले त्यांत ‘इब्नुस्सबील’ म्हणजे वाटसरू आहे. घरी तो खाऊनपिऊन सुखी असला तरी वाटेत अडला असेल तर त्याचा हक्क पोचतो. पाहुण्याचा पाहुणचार तीन दिवस, हेही हदीसमध्ये आले आहे. या शिकवणीतून मुस्लिम जगात सराया आणि मुसाफिरखाने उभे राहिले आणि त्यांचा खर्च चालावा म्हणून लोकांनी जमिनी, दुकाने वक्फ केली.

आपल्या देशात या संदर्भात शेरशहा सूरीचे नाव पहिले निघते. १५४० ते १५४५ इतकीच वर्षे तो दिल्लीच्या तख्तावर होता. अकबराच्या काळात लिहिणारा अब्बासखान सरवानी सांगतो की शेरशहाने दर दोन कोसांवर एक याप्रमाणे १७०० सराया बांधल्या. आकडा फुगवलेला असू शकेल, पण व्यवस्थेचे वर्णन नेमके आहे. हिंदूंसाठी आणि मुसलमानांसाठी वेगवेगळ्या खोल्या. दारात पाण्याचे रांजण. हिंदू प्रवाशांना पाणी तापवून द्यायला, अन्न शिजवून वाढायला ब्राह्मण. मध्ये विहीर आणि मशीद. सरकारी डाक पुढे नेण्यासाठी प्रत्येक सराईत दोन घोडे. बदलापूरच्या माणसाला हे शेवटचे वाक्य वाचून आपल्या गावाची आठवण होणारच.

या सराईत खोल्या वेगळ्या होत्या, पण धर्मामुळे कोणाला दारातून परत पाठवायचे नाही हे ठरलेले होते. गावकुसाबाहेरच्या माणसाचे तिथे काय होई, ते मात्र या वर्णनात येत नाही. ही उणीव इथेच लक्षात ठेवू, कारण तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

महाराष्ट्रातही या परंपरेच्या खुणा आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांजवळ फर्दापूरला मोगल काळातली सराई आहे. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची, पाणचक्की आपण सहलीला जाऊन पाहतो. ती बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची. डोंगरातून खापराच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर जाते फिरे आणि तिथे मुक्कामाला असलेल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. ज्या संताच्या नावातच मुसाफिर आहे त्याच्या दारी मुसाफिरांचे दळण व्हावे, हे साजेसेच आहे.

मुंबईत हीच परंपरा हाजींच्या पायांनी आली. १९९५ पर्यंत आपल्याकडून समुद्रमार्गे हजला जाता येत होते. कोकण, खानदेश, मराठवाडा इथून आलेले हाजी बोटीची वाट पाहत मुंबईत दिवसच्या दिवस काढत. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना अशा किती जणांच्या आठवणीत असेल! आमच्या नाना-नानींनीही मुंबईच्या मुसाफिरखान्यात बोटीची वाट पाहिली. नानी बायकांमध्ये, नाना पुरुषांमध्ये. काही बोलायचे असेल तर दोघे जिन्यात भेटत. नानी हे सांगताना हसायच्या. सत्तरीच्या नवऱ्याला भेटायला जिन्यात जावे लागले याची त्यांना गंमत वाटे. डोक्यावर छप्पर, पोटाला अन्न, सोबतीला माणसे, हे सगळे तिथे मिळाले. दोघांना बसायला कोपरा मिळाला नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी केली नाही.

लोखंडी हॉटेल आणि ताज

पैसे मोजून घेतलेली, आतून कडी लावता येणारी खोली ही आपल्याकडे साहेबाच्या हॉटेलाबरोबर रुजली. मुंबईत त्याचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे काळा घोड्याजवळचे वॉटसन्स हॉटेल. इमारतीचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, जहाजाने आणला आणि इथे जोडला. १८७१ साली ते सुरू झाले. याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली आणि हिंदुस्थानात सिनेमाचे पाऊल पडले. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनही त्याच वर्षी तिथे उतरला होता. हे हॉटेल गोऱ्यांचे होते. काळ्या माणसाची तिथली जागा ट्रे हातात घेऊन उभे राहण्याची.

जमशेटजी टाटांना वॉटसन्समध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. अनेक अभ्यासक ती मानत नाहीत. मुंबईच्या तोलाचे एक हॉटेल शहराला असावे ही टाटांची इच्छा त्यांना अधिक पटते. पण गोष्ट खरी नसली तरी ती लोकांना खरी का वाटली, हे पाहण्यासारखे आहे. काउंटरवरून परत फिरण्याचा अनुभव या देशात इतक्यांना होता की टाटांसारख्या माणसालाही तो आला असेल, यावर विश्वास ठेवणे कोणाला जड गेले नाही.

ताजची इमारत उभी करण्यात रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचा मोठा वाटा होता. त्यांच्याबरोबर डी. एन. मिर्झा होते. बांधकाम पुरे होण्याआधी वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरे केले. आधाराच्या खांबांवाचून वर जाणारा तो प्रसिद्ध जिना खानसाहेब सोराबजी रतनजी या कंत्राटदाराचा. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले, तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हते. ते १९२४ साली पुरे झाले. विजेचे दिवे, जर्मन लिफ्ट, अमेरिकन पंखे, तुर्की स्नानगृह असा सगळा थाट होता. पाच महिन्यांनी, मे १९०४ मध्ये जमशेटजींचा इंतकाल झाला. पहिल्या महायुद्धात याच हॉटेलात ६०० खाटांचे इस्पितळ केले गेले होते.

ताजच्या घुमटांना आणि कमानींना त्या काळी इंडो-सारासेनिक म्हणत. सारासेन हा युरोपियनांचा मुसलमानांसाठीचा जुना शब्द. म्हणजे नाव मोगल मकबऱ्याचे, शैली आपल्याकडून घेतलेली, मालक पारशी, आराखड्यात मराठी हात आणि पाहुण्यांत राजेरजवाडे नि गोरे साहेब. वॉटसन्समध्ये कातडीचा रंग पाहत, ताजमध्ये तो पाहायचे कारण उरले नाही. खिसा मात्र पाहावाच लागतो, तेव्हाही आणि आताही. वॉटसन्सचे पुढे काय झाले, तेही सांगू. हॉटेल बंद पडले, इमारतीत कचेऱ्या आणि भाडेकरू आले, ती एस्प्लनेड मॅन्शन झाली, २००५ साली तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ साली ती रिकामी करावी लागली.

राज्यघटनेतले हॉटेल

मुक्कामाच्या जागेवरून हुसकावले जाण्याची या देशातली सर्वांत दुखरी गोष्ट टाटांची नव्हे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे, आणि तिला त्यांचा स्वतःचा लेखी पुरावा आहे. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. हिंदू हॉटेलात जात विचारतील म्हणून ते एका पारशी मुसाफिरखान्यात पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही घरात घेण्यात अडचण सांगितली. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी एका बागेत बसून काढला आणि ते मुंबईला परतले.

इथवर वाचून आपण मान डोलावतो. पण याच टिपणांत पुढे आणखी एक प्रसंग आहे आणि तो आपण मुसलमानांनी वाचलाच पाहिजे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या या मंडळींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की या लोकांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावू नये या अटीवर, एक हत्यारबंद शिपाई सोबत देऊन त्यांना आत सोडले. ज्या दीनमध्ये वजू करणाऱ्याची जात विचारत नाहीत, त्या दीनच्या माणसांनी रोजा ठेवून हे केले. सरवानीच्या वर्णनातली जी उणीव आम्ही वर सांगितली, ती दौलताबादच्या हौदावर अशी उघडी पडते. आमच्यासमोर वही फिरवणाऱ्या त्या लॉजवाल्याला आम्ही तीस वर्षे मनातून माफ केले नव्हते. त्याच्या शेजारी दौलताबादचा तो म्हातारा येऊन उभा राहिला, तेव्हा आमचा राग गेला असे नाही, पण तो एकट्या त्याच्यावरचा राहिला नाही.

पुढे बाबासाहेबांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने राज्यघटनेचा मसुदा केला. त्यातल्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांत मज्जाव करता येणार नाही, असे आहे. विहिरी, तलाव आणि स्नानघाटही त्याच अनुच्छेदात आहेत. म्हणजे बडोद्याचा मुसाफिरखाना आणि दौलताबादचा हौद या दोन्हींचा बंदोबस्त एका ठिकाणी झाला. देशाचा कारभार कसा चालावा हे सांगणाऱ्या ग्रंथात हॉटेलचा उल्लेख कशाला, असे कोणाला वाटेल. ज्याला खोली नाकारली गेली त्याला असे वाटणार नाही. २६ जानेवारी १९५० पासून हा आपला हक्क आहे. १९९४ साली तो आमच्याजवळ होताच, काउंटरवर उभे असताना आम्हाला त्याची माहिती नव्हती.

सी.एस.एम.टी. ते अपोलो बंदर

ठरल्या दिवशी दुपारच्या गाडीने निघालो. कामाच्या वेळेबाहेर बदलापूरहून बसायला जागा मिळते, हेही एक अप्रूपच. सी.एस.एम.टी.ला उतरलो. या स्टेशनच्या आवारात बिस्मिल्ला शाह बाबांचा दर्गा आहे. कित्येक प्रवासी गाडी पकडण्याआधी तिथे डोके टेकून जातात, त्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. आम्ही फातेहा पढलो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच स्टेशनात दोन अतिरेक्यांनी गोळीबार केला. ५८ माणसे मेली. घराकडे निघालेली, गावाकडच्या गाडीची वाट पाहत बसलेली साधी माणसे होती ती, आणि त्यांत मुसलमानही होते. विष्णू झेंडे या उद्घोषकाने केबिनमधून सूचना देत राहून लोकांना दुसऱ्या बाजूने बाहेर काढले, म्हणून कितीतरी माणसे वाचली. त्याच रात्री ताजमध्ये शिरलेल्यांनी हॉटेल पेटवले. २९ तारखेच्या सकाळपर्यंत ते जळत होते. हॉटेलचे तेव्हाचे जनरल मॅनेजर करमबीर कांग लोकांना बाहेर काढत राहिले. त्यांची पत्नी आणि दोन मुले वरच्या मजल्यावर त्यांच्या निवासात होती, ती वाचली नाहीत. ताजच्या लॉबीतल्या स्मारकावर ३१ नावे आहेत. सर्व ठिकाणचे मिळून १६६ जण त्या हल्ल्यात गेले.

त्यानंतर मुंबईच्या मुसलमानांनी एक गोष्ट केली, ती आज फारशी कोणी सांगत नाही. मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला जुम्मा मशीद ट्रस्टने नकार दिला. बेगुनाहांचे खून करणाऱ्यांना आपल्या मातीत ठेवणार नाही, ही भूमिका होती. प्रेते वर्षभराहून अधिक काळ शवागारात पडून राहिली आणि जानेवारी २०१० मध्ये सरकारने ती गुपचूप पुरली. कबरीची जागा नाकारणे हे आपल्यात फार जड काम आहे. ज्यांनी मुसाफिरांना मारले त्यांना शेवटचा मुक्काम द्यायचा नाही, असे ज्यांनी ठरवले त्यांच्या मनावर काय ओझे असेल, याचा विचार आम्ही टॅक्सीत बसून करत होतो. ताजची जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडली.

दारात बॅगा तपासल्या गेल्या. सगळ्यांच्याच तपासत होते. काउंटरवर आधार कार्डे पुढे करताना बेगमने आमचा दुसरा हात घट्ट धरला. तीस वर्षांत त्या घटनेविषयी त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनाही ती तितकीच लक्षात आहे, हे आम्हाला त्या क्षणी कळले. समोरच्या मुलीने दोन्ही नावे वाचली, संगणकावर काही टिपले, कार्डे परत दिली आणि निकाहाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. एवढेच झाले. इतके साधे असते ते, आणि ते सगळीकडे तसेच असायला हवे.

एकांताच्या तीन वेळा

मुलाच्या ऐपतीत बसली ती खोली नव्या टॉवरमधली होती. ग्रीन्स हॉटेल नावाची जुनी इमारत पाडून त्या जागी १९७३ साली हा टॉवर झाला. जुन्या इमारतीत आम्ही संध्याकाळी फिरून आलो, जिना पाहिला. खिडकीतून बंदरातल्या बोटी दिसत होत्या. नमाजाची वेळ झाली तेव्हा दोन प्रश्न पडले. पहिला किब्ल्याचा. अपोलो बंदर मुंबईच्या पूर्व अंगाला आहे, म्हणून जी खिडकी पाहायला लोक पैसे मोजतात तिच्याकडे पाठ करून उभे राहावे लागते. दुसरा प्रश्न बेगमने काढला. आपण मुसाफिर आहोत ना, मग कसर करायची की पुरी नमाज? प्रवासात चार रकातींच्या दोन होतात, ही सवलत कोणाला नको असते? पण हनफी हिशेबाने त्यासाठी सुमारे ७७ किलोमीटर लागतात, आम्हा कोकणी शाफईंच्या हिशेबाने थोडे अधिकच. बदलापूर ते सी.एस.एम.टी. ६८ किलोमीटर. टॅक्सीचे दोन धरले तरी भागत नाही. मुक्काम होता, पण शरीयतच्या हिशेबाने प्रवास नव्हता. आम्ही चारही रकाती पढल्या. मुलांचा तो ‘स्टेकेशन’ शब्द आम्हाला तेव्हा नीट समजला.

रात्री कडी लावून बसलो आणि लक्षात आले की आमच्या तीस वर्षांच्या संसारात अशा रात्री बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आधी डोंगरीची दहा बाय बाराची खोली आणि त्यात आठ माणसे. मग बदलापूरचे घर, एक हॉल, एक बेडरूम. सासू-सासरे, मुले, शिकायला आलेले भाचे. आज बेडरूम मुलाची आणि सुनेची आहे, आम्ही हॉलमध्ये असतो. मुंबईतल्या आणि मुंबईबाहेर फेकल्या गेलेल्या लाखो घरांची हीच कथा आहे. नवरा-बायको समुद्राच्या कठड्यावर शहराकडे पाठ करून का बसतात, याचे उत्तर त्यांच्या घराच्या आकारात आहे.

आपल्याकडे नवरा-बायकोने एकांत मागणे हे निर्लज्जपणाचे समजतात. दीनचे म्हणणे तसे नाही. सूरह नूरमध्ये फजरच्या आधी, दुपारच्या विश्रांतीला आणि इशाच्या नंतर, अशा तीन वेळा सांगितल्या आहेत, ज्या वेळी घरातल्या लहान मुलांनी आणि नोकरांनीही परवानगी मागून आत यावे. चौदाशे वर्षांपूर्वी वाळवंटातल्या घरांसाठी हा कायदा आला. एका सफरीत पैगंबर साहेबांनी (स.) साथीदारांना पुढे पाठवून हजरत आयेशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे हदीसमध्ये आहे. आधी आयेशा जिंकल्या, काही वर्षांनंतरच्या शर्यतीत त्या हरल्या. पत्नीबरोबर हसण्याखेळण्यासाठी काफिला पुढे पाठवणे ही सुन्नत आपल्या मशिदींतल्या बयानांत फारशी ऐकू येत नाही.

ज्या इमारतीच्या नावाने हे हॉटेल उभे आहे तीही सफरीच्याच एका जोडप्याची. मुमताजमहल शाहजहानबरोबर मोहिमांत फिरली आणि १६३१ साली दख्खनच्या मोहिमेत बुऱ्हाणपूरला, चौदाव्या बाळंतपणात वारली. आपल्या खानदेशाला लागून असलेल्या त्या गावात, तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी दफन केले होते. आग्र्याचा संगमरवर नंतरचा. एका बादशहाच्या बायकोच्या वाट्याला चौदा बाळंतपणे आणि आयुष्यभराचे तंबू आले, हेही प्रेमकथेबरोबर आठवावे.

आणि याच ताजमध्ये राहिलेली दुसरी एक स्त्री. सर दिनशा पेटिट यांची मुलगी रत्तीबाई हिने एप्रिल १९१८ मध्ये इस्लाम स्वीकारून महंमद अली जीनांशी निकाह केला. अवघ्या मुंबईत त्याची चर्चा झाली. दहा वर्षांनी, १९२८ साली, ती नवऱ्याचे घर सोडून ताजमध्ये राहायला आली. २० फेब्रुवारी १९२९ रोजी ती गेली, वय अवघे २९. माझगावच्या खोजा कब्रस्तानात तिची कबर आहे. पुढच्या राजकारणाचा हिशेब वेगळा, पण दोन माणसांनी एकमेकांना वेळ दिला नाही तर राजवाड्यातली खोलीही त्यांच्या कामाची नसते, हे तिच्या गोष्टीत दिसते. आम्ही त्या रात्री फार उशिरापर्यंत बोलत बसलो. घाटावरच्या त्या पडवीविषयीही पहिल्यांदा बोललो.

परतीची गाडी

दुसऱ्या दिवशी बदलापूरला परतलो. दार सुनेने उघडले. घर आवरलेले होते, हॉलमध्ये दोन खुर्च्या खिडकीशी ओढलेल्या आणि मध्ये चहाचे दोन कप. सून जरा लाजली आणि कप उचलू लागली. तेव्हा आम्हाला उमगले. त्यांच्या निकाहाला दोन वर्षे झाली होती आणि त्या घरात ती दोघे पहिल्यांदाच एकटी राहिली होती. मुलांनी आम्हाला ताज दिले आणि स्वतःसाठी आमचे घर एका रात्रीपुरते मागून घेतले होते, बहुधा न बोलता. त्यांची काहीच चूक नव्हती. परवानगी मागायला आमच्या घरात दुसरे दार कुठे आहे?

ताजची खोली पुन्हा घेणे आमच्या खिशाला झेपणारे नाही. पण कल्याणला आमच्या आपा राहतात, त्यांच्याकडे एक माळा रिकामा आहे. आता महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही दोघे इशाच्या आधी पिशवी भरून तिकडे मुक्कामाला जातो. आपांनी कारण विचारलेले नाही. बदलापूर ते कल्याण चौदा किलोमीटर, नमाज अर्थातच पुरी.